चिठ्ठ्या टाका, डॉक्टर!

"पेशंट टेबलवर आहेत. दहा मिनिटांत काय ते सांगा."

कॅथलॅबच्या दारातून अर्धं अंग बाहेर काढून हिरव्या कपड्यांतल्या त्या माणसानं हे वाक्य आमच्या अंगावर फेकलं. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. आत भाऊजी होते. हातातून नळी घातलेली, अंगावर चादर, पूर्ण शुद्धीवर. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या एका मोठ्या नळीत, ऐंशी टक्के ब्लॉकेज. "टाइमबॉम्ब आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ. पुन्हा सुई नको, पुन्हा खर्च नको." तेवढ्यात त्यांच्या मागून टाय लावलेला एक मुलगा पुढे सरकला आणि त्यानं विचारलं, "मेडिक्लेम कॅशलेसच आहे ना?"

भाऊजींना नेमकं काय होत होतं, ते आधी ऐका. दोन वर्षांपासून टेकडीच्या शेवटच्या चढावर त्यांची छाती भरून यायची. थांबलं की पाच मिनिटांत मोकळी व्हायची. दोन वर्षांत त्यात वाढ नव्हती. बसल्या जागी, झोपेत कधी काही झालं नव्हतं. हार्ट अटॅक आलेला नव्हता. हृदयाचा पंप उत्तम होता, टू-डी इकोच्या कागदावर तसं छापलेलं होतं. त्या सकाळी ते स्वतः रिक्षातून उतरले, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडले आणि स्वतःच्या पायांनी जिना चढून अँजिओग्राफीला गेले. तासाभरात त्यांचा टाइमबॉम्ब झाला.

मी तेहतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. सवय जात नाही. मी विचारलं, "स्टेंट टाकल्यानं त्यांचं आयुष्य वाढेल का? अटॅक टळेल का? तसं कुठल्या चाचणीत दिसलंय का?" मेथीच्या जुडीची जन्मपत्रिका मागितल्यावर भाजीवाला ज्या नजरेनं पाहील, त्या नजरेनं डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, वीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

ज्यांना हार्ट अटॅक आलाय, म्हणजे ज्यांची नळी गुठळीनं एकदम बंद पडलीय, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो. तिथे लगेच केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, आणि हेही चाचण्यांनीच सिद्ध झालंय. अटॅक आला असेल तर हा लेख बाजूला फेका आणि रुग्णालय गाठा. माझा विषय भाऊजींसारख्यांचा आहे. दुखणं स्थिर आहे, चढावर येतं, थांबलं की जातं. अशी माणसं आपल्या गल्लीगल्लीत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या छातीत एक ना एक स्टेंट आहे.

तर, अनुभव. डॉक्टरचा अनुभव कसा तयार होतो? माणूस सगळ्यात जास्त त्रास होतो तेव्हा दवाखान्यात येतो. दुखणं वरखाली होतच असतं, त्यामुळे टोकाला पोचलेलं दुखणं उपचार करा वा नका करू, पुढच्या महिन्यात थोडं उतरलेलंच असतं. त्यात मोठं रुग्णालय, मोठी मशीनं, मोठा खर्च आणि 'आता नळी मोकळी झाली' असं ठाम आवाजात सांगणारा माणूस, या सगळ्याचा म्हणून एक आराम असतो. त्यात स्टेंटबरोबर सुरू केलेल्या पाच गोळ्या. त्यात सुटलेली बिडी. मग बरं वाटलेला माणूस पेढे घेऊन येतो. बरं न वाटलेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मेलेला कुठेच जात नाही. वीस वर्षं पेढेच खाल्लेल्या माणसाला जगात सगळे बरेच होतात असं वाटणार. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, त्याच्या हिशेबाबद्दल आहे. या हिशेबात वजाबाकीचा रकानाच नाही.

हा रकाना भरण्याची एकच रीत माणसाला सापडली आहे. सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण पोकळ उपचार द्यायचा, कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि त्याला तपासणाऱ्यालाही नाही. मग मोजायचं. माझ्या एफवायच्या मुलांना हे दोन तासांत समजायचं. वीस-वीस वर्षांच्या अनुभवी मंडळींना ते अपमानास्पद वाटतं.

वाटणारच. कारण चिठ्ठ्यांनी या अनुभवाचं नाक अनेकदा कापलंय आणि हृदयाच्या बाबतीत तर फारच वेळा.

१९५० च्या दशकात अमेरिकेत एक शस्त्रक्रिया गाजत होती. छातीच्या आतल्या बाजूनं इंटरनल मॅमरी नावाची धमनी जाते. ती बांधून टाकली की अडलेलं रक्त दुसऱ्या वाटेनं हृदयाकडे वळेल, अशी कल्पना. मूळ कल्पना इटलीतली. शल्यविशारद खूश, रुग्ण खूश, छातीतलं दुखणं कमी झाल्याचे अहवाल एकामागून एक. मग १९५९ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या छातीला भूल देऊन छेद दिला, धमनी मोकळी केली आणि त्या क्षणाला सर्जनच्या हातात एक पाकीट दिलं. आत चिठ्ठी. बांधा, किंवा बांधू नका. ज्यांची धमनी बांधली त्यांना बरं वाटलं. ज्यांची नुसती कातडी कापून शिवली त्यांनाही तेवढंच बरं वाटलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं १८ रुग्णांवर तेच करून पाहिलं, तोच निकाल. शस्त्रक्रिया संपली. इतक्या सर्जनांचा इतका अनुभव १७ चिठ्ठ्यांपुढे टिकला नाही. आज बायपासमध्ये हीच धमनी वळवून हृदयाच्या नळीला जोडतात. ती बांधून टाकायची थांबली म्हणून बरं.

ही गोष्ट निदान एवढ्यावर निभावली. दुसरी गोष्ट तशी नाही.

अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे अधूनमधून जादा ठोके पडतात आणि ज्यांचे असे ठोके पडतात ते जास्त मरतात, हे सत्तरच्या दशकात सगळ्यांना माहीत होतं. मग ठोके थांबवले की मरण थांबेल, यात शंका कसली? फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ठोके अगदी सुरेख थांबवत होती. ईसीजीची पट्टी सरळ, स्वच्छ. डॉक्टरांनी ती अटॅक येऊन गेलेल्यांना भरभरून दिली. 'कास्ट' नावाची चाचणी निघाली, तेव्हा निम्म्या रुग्णांना पोकळ गोळी देणं अनैतिक आहे, असं म्हणणारे डॉक्टर निघाले. इतकी त्यांची खात्री. १९८९ मध्ये ही चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. पूर्ण आकडे १९९१ मध्ये छापून आले: औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. अवघ्या दहा महिन्यांत. औषधानं ठोके थांबवले होते आणि माणसंही थांबवली होती.

एका डॉक्टरला त्याच्या दवाखान्यात हे कधी कळलं असतं का? त्याच्या डोळ्यांसमोर औषध घेणारा एखादा रुग्ण जाणार. तो म्हणणार, हृदयविकारच होता हो, जातातच माणसं. औषधानं मेलेला माणूस आणि आजारानं मेलेला माणूस, दोघांचे मृत्यूचे दाखले अक्षरशः सारखे असतात. फरक दिसतो तो दोन गट शेजारी शेजारी ठेवून मोजल्यावरच.

आता आमच्या ऐंशी टक्क्यांकडे येते.

झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिगनं हृदयाच्या नळीत पहिल्यांदा फुगा फुगवला तो सप्टेंबर १९७७ मध्ये. मोठ्या हिकमतीचं काम होतं, आणि त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण त्यानंतर स्थिर दुखण्याच्या रुग्णांत या उपायाला पोकळ उपचाराच्या शेजारी बसवून पाहायला जगाला किती वर्षं लागली? चाळीस. चाळीस वर्षं लाखो माणसांच्या छातीत नळ्या घातल्या गेल्या, आणि 'नुसतं टेबलवर झोपवून परत पाठवलं असतं तर?' हा प्रश्न विचारणं असभ्य मानलं गेलं. डोकेदुखीची नवी गोळी या परीक्षेशिवाय बाजारात येत नाही.

पहिला धक्का २००७ चा. 'करेज' चाचणी. अमेरिका आणि कॅनडातले २,२८७ रुग्ण, स्थिर हृदयविकाराचे. निम्म्यांना उत्तम औषधं, निम्म्यांना तीच औषधं अधिक अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा. मृत्यू किंवा अटॅक: अँजिओप्लास्टीवाले १९ टक्के, नुसत्या औषधवाले १८.५ टक्के. आमचे अनुभवी लोक म्हणाले, स्टेंट जुने होते, रुग्ण सौम्य होते, आमच्याकडचे तसे नसतात.

मग २०१७ मध्ये लंडनहून 'ऑर्बिटा' आली. रशा अल-लामी या डॉक्टर बाईंनी ती केली आणि त्यासाठी लागणारं धैर्य मला फार मोठं वाटतं. दोनशे रुग्ण, प्रत्येकाच्या एका नळीत मोठा अडथळा. आधी सहा आठवडे फोन करकरून प्रत्येकाची औषधं नीट बसवली. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन चढवून संगीत लावलं, म्हणजे आतलं बोलणं कानावर पडायला नको. चिठ्ठ्या टाकल्या. काहींना स्टेंट टाकला. बाकीच्यांना निदान पंधरा मिनिटं तसंच टेबलवर ठेवून लुटुपुटूची अँजिओप्लास्टी केली. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. स्टेंटवाले लुटुपुटूवाल्यांपेक्षा १६.६ सेकंद जास्त चालले, आणि तो फरकही योगायोगानं पडू शकेल इतका किरकोळ होता.

यावर जगभरच्या स्टेंटवाल्यांचा संताप झाला. लुटुपुटूची अँजिओप्लास्टी करणं अनैतिक, म्हणाले. दोनशे माणसांवर ती परवानगी घेऊन, समजावून, मोजूनमापून केली ते अनैतिक. आणि चाळीस वर्षं लाखोंवर न तपासता खरी केली ती वैद्यकसेवा! हा युक्तिवाद सुटाबुटातले लोक भर परिषदेत उभे राहून करत होते, आणि समोरचे माना डोलवत होते.

शेवटी 'इस्केमिया'. अमेरिकी सरकारच्या पैशानं, ३७ देशांतल्या ३२० केंद्रांत, ५,१७९ रुग्ण, ज्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय हे स्पष्ट दिसत होतं. एका गटाला लगेच अँजिओग्राफी आणि त्यानुसार स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला आधी औषधं, ती अपुरी पडली तरच पुढचं. निकाल २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. हे दोन आकडे मी ताईला कागदावर लिहून दाखवले होते. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मग तो टाइमबॉम्ब कुठे गेला?"

तो बॉम्ब सगळे आधीपासूनच चुकीच्या जागी शोधत होते. नळ तुंबला की प्लंबर बोलावतो, तसं आपण हृदयाकडे बघतो. पण अटॅक सगळ्यात अरुंद जागीच येतो असं नाही. नळीच्या भिंतीत चरबीचा थर साचलेला असतो. तो मऊ असेल, त्यावरचं आवरण पातळ असेल, तर ते फाटतं, तिथे गुठळी होते आणि नळी बंद पडते. असा थर चाळीस टक्केवाल्या जागीही असू शकतो, ज्याकडे अँजिओग्राफीच्या पडद्यावर कुणी बोटही दाखवत नाही. स्टेंट बसतो दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत. रोग असतो सगळ्या नळ्यांत. स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, रक्तदाबाच्या गोळ्या सगळ्या नळ्यांपर्यंत पोचतात. म्हणून गोळ्यांनी मरण कमी होतं आणि स्थिर दुखण्यात स्टेंटनं होत नाही. यात गूढ काही नाही. सातवीच्या मुलाला समजेल. पण पडद्यावर बारीक झालेली काळी रेघ एकदा दाखवली आणि मग रुंद झालेली दाखवली, की माणसाच्या डोक्यातून सातवीचं सगळं पुसलं जातं. भाऊजींच्या सीडीत ते दोन्ही फोटो आहेत. ते पाहुण्यांना दाखवतात.

स्टेंटचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, चाचण्याही म्हणत नाहीत. डाव्या मुख्य नळीतच अडथळा असेल, पंप फार कमजोर असेल, दुखणं अचानक वाढलं असेल, अशा रुग्णांना 'इस्केमिया'त घेतलंच नव्हतं. त्यांचा हिशेब वेगळा. आणि त्याच अल-लामी बाईंनी २०२३ मध्ये 'ऑर्बिटा-२' केली. छातीदुखीची औषधं बंद करून ३०१ रुग्ण, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा लुटुपुटू. या वेळी १२ आठवड्यांनी स्टेंटवाल्यांत ४० टक्क्यांचं दुखणं पूर्ण थांबलेलं होतं, लुटुपुटूवाल्यांत १५ टक्क्यांचं. म्हणजे दुखणं कमी करायला स्टेंट उपयोगी पडतो. सगळ्यांना नाही, पण पडतो. ज्या बाईला स्टेंटची शत्रू म्हणून शिव्या दिल्या, तिनंच स्टेंटला पहिला भक्कम पुरावा मिळवून दिला. अनुभववाल्यांना तो चाळीस वर्षांत मिळवता आला नव्हता. विज्ञान करणारा माणूस आणि दुकान चालवणारा माणूस यांतला फरक बघायचा असेल तर या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचा.

मग टेबलवरून ताईला खरं काय सांगायला हवं होतं? "यानं आयुष्य वाढणार नाही. दुखणं कमी होईल असा संभव आहे. गोळ्यांनीही होऊ शकतं. घाई अजिबात नाही. घरी जा, विचार करा." बारा-पंधरा सेकंदांचं बोलणं. त्याऐवजी 'टाइमबॉम्ब' आणि 'दहा मिनिटं'. भीती घालून सही घेतली आणि तिला संमती म्हटलं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. ताईनं मराठीत सही केली.

आणखी एक उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं. "मॅडम, हे सगळे परदेशी अभ्यास. आपली भारतीय शरीरं वेगळी." स्टेंट परदेशी शोध, अँजिओप्लास्टी परदेशी, हे सगळं ज्या चाचण्यांच्या जोरावर विकलं गेलं त्या परदेशी. तेव्हा शरीराचं भारतीयत्व आठवत नाही. विक्रीच्या बाजूनं निकाल असला की विज्ञान विश्वाचं, विरुद्ध गेला की शरीर भारतीय. आणि 'इस्केमिया'त भारतातले रुग्ण होतेच.

'आमचा गट वेगळा' म्हणणाऱ्यांना ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९८८ मध्येच जन्माची अद्दल घडवली होती. 'आयसिस-२' ही त्यांची चाचणी, १७,१८७ रुग्ण, अटॅक आलेल्यांना अ‍ॅस्पिरिन द्यावं की नाही यावर. अ‍ॅस्पिरिननं मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी झाले. 'लॅन्सेट'च्या संपादकांनी आग्रह धरला, वेगवेगळ्या गटांचे निकाल वेगळे काढून द्या. संशोधकांनी दिले, आणि त्यांत एक गट राशींचाही दिला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक दिसत होतं, बाकीच्या दहा राशींना अत्यंत गुणकारी! माझ्या वर्गात मी हे दरवर्षी सांगायचे. एखादी मुलगी दचकून विचारायची, "मॅडम, माझी तूळ आहे, मग मी...?" आणि बाकीचा वर्ग हसायचा. पण तिचीच चूक मोठमोठे लोक करतात. पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात हवं ते दिसतंच.

आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो, हे मात्र खरं आहे. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरांना ५९ च्या आसपास. आपण वेगळे असू, तर आपल्यावर चाचण्या करा ना! 'वेगळे आहोत' हे चाचणी करण्याचं कारण आहे. तुम्ही ते चाचणी टाळायला वापरता.

आणि केल्या आहेत. बंगळुरूच्या सेंट जॉन्समधल्या डॉ. प्रेम पैस, डॉ. डेनिस झेवियर आणि कॅनडातल्या डॉ. सलीम युसूफ यांनी रक्तदाबाची औषधं आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये घालून पाहिलं. 'टिप्स-३' या त्यांच्या चाचणीत ५,७१३ माणसं होती, त्यांतली जवळजवळ निम्मी भारतातली. कॅप्सूलला अ‍ॅस्पिरिनची जोड दिलेल्या गटात मृत्यू, अटॅक, पक्षाघात असे प्रसंग ४.१ टक्के, पोकळ गोळ्यांच्या गटात ५.८ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा एकत्रित गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतीय शरीरांवर सिद्ध झालेलं, भारतात बनलेलं, स्वस्त. याची जाहिरात तुम्ही कुठल्या चौकात पाहिली? याच्या नावानं कुठल्या हॉटेलात परिषद भरली? चौकात फलक असतो तो 'हार्ट चेकअप पॅकेज'चा.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरं दुकान आहे. 'बायपासशिवाय, स्टेंटशिवाय ब्लॉकेज साफ.' शिरेतून चिलेशनची सलाईन, पायांना पट्टे बांधून दाबायचं ईईसीपी यंत्र आणि घरोघरच्या मोबाइलवर फिरणारा लिंबू-आलं-लसूण-सफरचंदाचं व्हिनेगर आणि मधाचा काढा. ही मंडळी स्टेंटवाल्यांना लुटारू म्हणतात. आणि स्वतःचा पुरावा मागितला की काय सांगतात? अनुभव! हजारो रुग्ण बरे झाले. चिलेशनची चाचणी अमेरिकेत खरोखर झाली. २०१३ मध्ये १,७०८ रुग्णांत थोडा फायदा दिसला, तो मुख्यतः मधुमेह्यांत. म्हणून नुसत्या मधुमेह्यांवर ती पुन्हा केली. २०२४ मध्ये निकाल आला: फायदा नाही. पहिला निकाल या दुकानांच्या माहितीपत्रकात आहे. दुसरा शोधून दाखवा.

अहमदाबादेत नोव्हेंबर २०२४ मध्ये काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात मोफत शिबिर भरवलं, १९ जणांना बसमधून शहरातल्या रुग्णालयात नेलं, सात जणांना स्टेंट घातले, दोघं मेले. पैसे सरकारी योजनेतून. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. त्यांच्यासाठी पोलीस आहेत. मला जास्त भीती वाटते ती सभ्य, अभ्यासू, रात्री दोनला फोन उचलणाऱ्या डॉक्टरची, ज्याला मनापासून वाटतं की आपण जीव वाचवतोय, आणि ज्यानं ते कधी तपासून पाहिलेलं नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल करता येत नाही. त्याला लोक देव म्हणतात.

आता 'गिनीपिग'. चाचणी हा शब्द उच्चारला की आपल्याकडे हा प्राणी धावत येतो. त्याला कारणं आहेत. गरिबांना न सांगता औषधं टोचल्याची प्रकरणं या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये नवे नियम आले, ते बरंच झालं. पण मला सांगा, न तपासलेला उपचार घेणारा माणूस कोण असतो? तोही प्रयोगावरच असतो. फक्त त्याला ते सांगितलेलं नसतं, त्याची नोंद होत नाही, नैतिक समिती नसते, बिघडलं तर भरपाई नसते. आणि प्रयोगाचे पैसे तो स्वतः भरतो. भाऊजींनी भरले. सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत लाखाच्या वरून २९,६०० रुपयांवर आणून बांधली, त्यामुळे स्टेंटची ओळ बिलात लहान होती. बाकीच्या ओळींना तीन पानं लागली.

चाचण्या पवित्र आहेत असंही नाही. ब्रिटनमध्ये १९८० मध्ये लॉर्केनाइड नावाच्या ठोके थांबवणाऱ्या औषधाची छोटी चाचणी झाली. शंभराच्या आत रुग्ण, औषधवाल्यांत नऊ मृत्यू, दुसऱ्या गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला, औषध धंद्याच्या कारणानं बारगळलं, आणि कागद कपाटात राहिले ते १९९३ पर्यंत. ते वेळेत छापले असते तर 'कास्ट'मधल्या औषधांबद्दल कुणीतरी आधी सावध झालं असतं, असं पुढे त्या संशोधकांनीच लिहिलं. आणि आपल्याच देशात, मुरादाबादेत, हृदयरुग्णांच्या आहारावरच्या एका चाचणीचे मूळ कागद मागितल्यावर ते वाळवीनं खाल्ल्याचं उत्तर मिळालं. १९९२ मध्ये तो लेख छापणाऱ्या 'बीएमजे'नं २००५ मध्ये त्यावर जाहीर शंका नोंदवली. ही घाण आहेच. पण ती शोधून काढली कुणी? आकडे मागणाऱ्यांनी. चाचणीत लबाडी झाली तर ती पकडायला कागद तरी मागता येतो. अनुभवाचा कागद कुणाकडे मागायचा? तिथे वाळवीलासुद्धा खायला काही नाही. म्हणूनच जुलै २००७ मध्ये आपल्याकडे चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि २००९ मध्ये ती सक्तीची झाली. चाचणी सुरू करण्याआधी नोंदवा, म्हणजे नंतर कपाटात लपवता येणार नाही.

भाऊजी ठणठणीत आहेत. टेकडी चढतात. छाती भरून येत नाही. ते स्टेंटमुळे, की पाच गोळ्यांमुळे, की वजन नऊ किलोंनी उतरवल्यामुळे, हे एका माणसावरून कुणालाच कळणार नाही. मलाही नाही आणि त्या डॉक्टरांनाही नाही. डॉक्टरांनी मात्र ते आपल्या अनुभवात जमा करून टाकलंय. भाऊजी दिवाळीत त्यांना पेढे देऊन आले.

मागच्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, बाबा टेबलवर आहेत. सत्तर टक्के आहे म्हणतात. दहा मिनिटं दिलीत."

"अटॅक आलाय?"

"नाही. जिना चढताना दुखायचं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"मुख्य डाव्या नळीत आहे का, ते विचार. पंप किती आहे ते विचार. फोन चालू ठेव."

ती आत गेली. मला सगळं ऐकू येत होतं. डाव्या मुख्य नळीत नाही. पंप साठ टक्के. मग तिनं विचारलं, "सर, आज नाही टाकला तर काय होईल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग डॉक्टरांचा आवाज आला, चिडलेला. "तुमची जबाबदारी. तसं लिहून द्यावं लागेल."

"मॅडम, लिहून देऊ?"

"दे," मी म्हणाले. "आणि त्यांनाही लिहून द्यायला सांग, की स्टेंट टाकल्यानं बाबांचं आयुष्य वाढेल. सही, शिक्का, तारीख."

तिनं ते जसंच्या तसं विचारलं. पाच मिनिटांनी बाबांना खोलीत आणलं. दुसऱ्या कागदावर कुणी सही केली नव्हती.